सोपानचा डावा खांदा

पौडच्या भिकाजीच्या बँडमधला क्लॅरिनेटवाला सोपान एस.टी.त कंडक्टर म्हणून लागला. बँडने त्याला हार घातला, त्याचे पेढे खाल्ले. मग नव्या माणसाला घेऊन तालमीला बसल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला वाजवणं थांबवता येत नाही.

नवा माणूस म्हणजे नेऱ्याचा वाल्मीक. वाजवायचा सोपानपेक्षाही गोड. गाणं संपवून त्याने क्लॅरिनेट खाली ठेवलं, तांब्याभर पाणी प्यायला, तरी ढोल-ताशे चालूच. शेवटी भिकाजीने ताशेवाल्या दामूच्या हातातल्या काड्याच काढून घेतल्या.

"आरं, थांबायचं कवा ते कळत न्हाई व्हय तुमाला?"

"सोपानचा डावा खांदा वर गेला की आमी थांबायचो," दामू म्हणाला. "ह्याचा खांदा हालतच न्हाई."

खरी गोष्ट अशी, की सोपानच्या बँडच्या कोटाची डावी बाही शिंप्याने आखूड शिवली होती. शेवटचा लांब सूर धरला की बाही ओढायची आणि खांदा वर जायचा. इतकी वर्षं अख्खा बँड शिंप्याच्या चुकीवर चालला होता, आणि हे सोपानलाही माहीत नव्हतं.

भिकाजीची झोप उडाली. सोपान गेल्याचं कळताच दोन सुपाऱ्या परत गेल्या होत्या. आता भुकूमच्या जयसिंगांच्या मुलीचं लग्न तेवढं उरलं होतं, आणि तिथे फजिती झाली असती तर मुळशीत त्याला कुणी बारशालाही बोलावलं नसतं.

"सोपानचा कोट घाला ह्याला," तो म्हणाला.

वाल्मीक म्हणजे पाप्याचं पितर. भुकूमला नवरदेवाची मिरवणूक मारुतीपासून निघाली आणि कोट त्याच्या खांद्यावरून घसरायला लागला. घसरला की तो खांदा उडवून वर घ्यायचा. खांदा उडाला की बँड बंद. बँड बंद झाला की घोडाही थांबायचा, त्याला तशी सवयच होती.

"भिकाजी, ब्यांड वाजतोय का उचक्या देतोय?" जयसिंगांनी विचारलं. "म्हूर्त टळला तर बघा."

तेवढ्यात मागे पुण्याची एस.टी. येऊन अडकली. हॉर्नवर हॉर्न झाले आणि कंडक्टर तणतणत खाली उतरला. तो सोपान होता. आपल्यावाचून यांचं अडलंय हे पाहून त्याचा राग पार उतरला.

"आदी त्याचा कोट काढा," खांदा उडाला की बँड बंद पडतोय, हे दोनदा बघून तो म्हणाला.

कोट काढल्यावर बँड असा सुटला, की मिरवणूक पळतच रस्त्याकडेच्या मांडवात शिरली. मुहूर्त सापडला. नवरा-नवरी उभी राहिली, अंतरपाट धरला, आणि बँड थांबेना. भटजी तोंड उघडायचे आणि पुन्हा मिटायचे. जयसिंग भिकाजीकडे बघत होते. भिकाजी नुसता घामाघूम.

सोपानला त्याची दया आली. गाडी मिरवणुकीमागोमाग येऊन मांडवाला खेटूनच उभी होती. त्याने दारातून हात घालून घंटेची दोरी ओढली.

टण.

बँड चिडीचूप. सारी माणसं एस.टी.तून हिंडलेली, एक घंटा झाली की थांबायचं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. भिकाजीने सोपानकडे बघून हात जोडले. त्याचे डोळे भरून आले होते.

मंगलाष्टकं सुरू झाली. लग्न लागत असताना अक्षता न टाकता जायचं कसं, म्हणून प्रवासीही खाली उतरले. ड्रायव्हर तेवढा इंजिन चालू ठेवून जागेवर बसला होता. तो मागे बघायचा नाही, घंटेवर गाडी हाकायचा.

शेवटचं मंगलाष्टक झालं. सोपानने डाव्या हाताने अक्षता टाकल्या आणि उजव्याने थाटात दोरी ओढली.

टण टण.

बँड झकास सुरू झाला. एस.टी.ही झकास सुरू झाली. रिकामी गाडी पुण्याच्या दिशेने दिसेनाशी झाली, आणि तिकिटांची पेटी गळ्यात घालून सोपान रस्त्यात उभा राहिला. त्याच्यावाचून तिचं काही अडलं नव्हतं.

वाल्मीकला वाईट वाटलं. "मामा, तुमचा कोट," म्हणत त्याने मागून कोट पुढे केला.

सोपानने सवयीने हात घातले. बाही ओढली, डावा खांदा वर गेला.

बँड थांबला.

"आता रं?" दामूने हळूच विचारलं. "दोन घंटा कोण देणार?"