विधाते नानांचे बाक

आमच्या कॉलनीतले विधाते नाना नवीन माणूस भेटला की त्याच्या तोंडाकडे बघत नाहीत, गुडघ्याकडे बघतात. गुडघ्यापासून टाचेपर्यंत एक नजर टाकायची आणि आकडा सांगायचा. आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी सामानाचा टेम्पो रिकामा होत होता. हे गृहस्थ फाटकापाशी आले आणि मला म्हणाले, "तू सतरा इंच. बायको पंधरा. तुम्हा दोघांना एका बाकावर बसवणं अवघड आहे." लग्नाला बरीच वर्षं झाली होती, पण आमच्या संसाराचं इतकं नेमकं निदान तोवर कोणी केलं नव्हतं.

नाना नाशिकच्या अंबड भागातल्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाले आणि बाक करायला लागले. लाकूड कारखान्यांबाहेर टाकून दिलेल्या पॅलेटचं, लोखंडी अँगल दिंडोरीकडच्या तोडलेल्या द्राक्षबागांचे, टायर द्वारका चौकातल्या भंगारवाल्याकडचे. हे सगळं स्कूटरवर येई. एकदा गळ्यात टायर, मांडीवर फळ्या अशा अवतारात ते सिग्नलला उभे होते. पोलिसाने विचारलं, "आजोबा, हे काय?" नाना म्हणाले, "सोफा आहे. अजून झालेला नाही."

बाक तयार झाला की तो कॉलनीच्या मोकळ्या जागेत कडुलिंबाखाली जायचा. मग जाणाऱ्या-येणाऱ्याला धरून त्यावर बसवायचं आणि समोर कमरेवर हात ठेवून विचारायचं, "पाठ काय म्हणते?" पाठ काहीही म्हणाली तरी उत्तर ठरलेलं असे. छान वाटतं म्हटलं तर, "तुला कशातलं काय कळतं?" टोचतं म्हटलं तर, "पाठ वाकडी आहे तुझी, बाक सरळ आहे."

दुकानातल्या फर्निचरचा त्यांना भयंकर राग. "विकतची खुर्ची म्हणजे नवा जावई. दिसायला देखणा, भार टाकला की कुरकुर." शहरावर तर त्याहून राग. "उभं राहायला जागा आहे, पळायला रस्ते आहेत. बसायला कुठंय? बसायचं तर आधी चहा विकत घ्या!"

असं बोलणाऱ्या माणसाच्या घरात कोण टिकणार? काकू टिकल्या होत्या, बरीच वर्षं. मग एका दिवाळीत भावाकडे निफाडला भाऊबीजेला गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. भांडण काय झालं ते कोणालाच नीट माहीत नव्हतं. मला वाटतं, तसं काही झालंच नसावं. रोजच्या भाजीला, रोजच्या चहाला, घडी घातलेल्या चादरीला नाना जे बोलायचे, तेच त्या दिवशीही बोलले असतील. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "गेली. दार उघडंच होतं."

पण कडुलिंबाखाली मात्र माणसं बसू लागली. संध्याकाळी म्हातारे, दुपारी धुण्याभांड्याच्या बायका, डबा खायला कुरिअरवाले. नाना गॅलरीतून बघायचे आणि कोणी हात केला की आत जायचे.

मग आमच्या चेअरमनसाहेबांनी एका पुढाऱ्याकडून सिमेंटचे बाक मिळवले. प्रत्येक बाकाच्या पाठीवर पुढाऱ्याचं नाव, लाल अक्षरांत. नाव रस्त्यावरून दिसलं पाहिजे म्हणून ते उन्हात मांडले. दुपारी त्यावर पापड भाजून निघावेत. मीटिंगमध्ये चेअरमन म्हणाले, "आता त्या भंगाराची गरज नाही. कॉलनीची शोभा जाते." मी आणि तळमजल्यावरच्या आजी, दोघंच नको म्हणालो. बाकीचे मोबाइलमध्ये बघत होते. त्यातले निम्मे रोज संध्याकाळी त्याच भंगारावर बसायचे. शेवटी चेअरमनना युक्ती सुचली. "होळी आलीच आहे. लाकूड विकत कशाला आणायचं?"

होळीला नाना खाली आले. आम्हाला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आपलेच बाक एकावर एक रचलेले त्यांनी पाहिले, एक वाकडा ठेवला होता तो पायाने सरळ केला आणि चेअरमनना म्हणाले, "खिळे आहेत यात. उद्या राखेत पोरं अनवाणी खेळतील."

लोकांनी बोंबा मारल्या, नारळ टाकले, नैवेद्य दाखवला. नाना शेवटपर्यंत उभे होते. सकाळी मी दूध आणायला निघालो, तर ते राखेत उकिडवे बसून चुंबकाने खिळे वेचत होते.

त्यानंतर त्यांनी फळीला हात लावला नाही. भेटले तरी माझ्या गुडघ्यांकडेसुद्धा बघेनात.

मे महिन्यात निफाडला बायकोच्या मावसबहिणीचं लग्न होतं. जेवण झाल्यावर मी पाय मोकळे करायला बाहेर पडलो. द्राक्षबागेला लागून एक घर होतं. अंगणात आंब्याखाली बाक. बागेचा अँगल, पॅलेटच्या फळ्या, मागे किंचित कललेली पाठ. नाना इथे कुठून, असा विचार करत मी थबकलो, तेवढ्यात दारातून आवाज आला, "कॉलनीतले ना तुम्ही?"

काकू होत्या. मी बाकाकडे बोट दाखवून विचारलं, "नानांनी केलाय?"

"मग! सुताराने केला असता तर चारी पाय जमिनीला टेकले असते."

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"दर गुरुवारी यायचे," त्या म्हणाल्या. "बसने. इथे बसायचे. भाऊ या म्हणायचा, पण घरात कधी पाऊल टाकलं नाही. मी चहा बाहेर आणून द्यायची. साखर कमी आहे म्हणायचे, कप खाली ठेवायचे आणि निघायचे. एवढंच." मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "होळीपासून आले नाहीत. तब्येत बरी आहे ना?"

मी होळीचं सांगितलं. त्या ऐकत उभ्या राहिल्या.

"सगळे जाळले?"

"सगळे."

"आणि हे काही बोलले नाहीत?"

"खिळे आहेत म्हणाले. एवढंच."

काकू पायरी उतरून खाली आल्या. बाकावर आंब्याची पानं पडली होती, ती हाताने झटकली. उगीचच दुसऱ्यांदा झटकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांना सांगा, याची फळी फुटायला लागलीय. पावसाआधी ऑइल पाजलं पाहिजे. एवढाच निरोप द्या. दुसरं काही सांगू नका."

त्या आत गेल्यावर मी बाकावर हात फिरवून पाहिला. लाटण्यासारखी गुळगुळीत फळी. पुढून, मागून, खालून वाकून बघितलं. कुठे बारीकशी चीरसुद्धा नव्हती.

नाशिकला आल्यावर तसाच नानांकडे गेलो. निरोप सांगितला. नाना पेपर वाचत होते, तो त्यांनी खाली केला नाही.

"कुठल्या बाजूने फुटलीय?"

मी म्हणालो, "डावीकडून."

"काहीतरीच. डावीकडे सागाची पट्टी आहे. ती फुटणार नाही."

त्यांनी पान उलटलं, परत मागे उलटलं आणि पेपरची घडी घातली.

"ती म्हणते तर फुटली असेल," ते म्हणाले.

मग उठून ऑइलचा डबा काढला, त्याचं झाकण घट्ट आहे का पाहिलं, आणि आत गेले. ऑइलचं काम करताना माणूस जुनापुराणा शर्ट घालतो. नाना बाहेर आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. "बस कितीला आहे रे?" त्यांनी विचारलं.