मुकादमाचा बंदोबस्त

ग्रिलवाल्यांनी खिडक्यांना बसवलेल्या गजांतून चाळीस वर्षांत एकही चोर आत शिरला नव्हता. हे ते कोणी न विचारता सांगत, त्यामुळे गल्लीतल्या सगळ्यांना ते पाठ होतं. तेव्हा घरच्या बोक्याला कोंडणं म्हणजे त्यांच्या लेखी हातचा मळ.

बोक्याचं नाव मुकादम, कारण सकाळ-संध्याकाळ तो गल्लीभर पाहणी करत हिंडायचा. त्या सोमवारी तो परतला तो फाटका कान आणि मिशीला चिकटलेलं पीस घेऊन. मागोमाग शेजारच्या नर्सबाई आल्या. त्यांच्या कुंपणावरच्या वेलीत बुलबुलाचं घरटं होतं. काल तीन पिल्लं होती, आज दोनच. बाई भांडल्या असत्या तर ग्रिलवाले त्यांना पुरून उरले असते. पण एवढंच सांगून बाई मुकादमाचा कान पुसत बसल्या आणि ग्रिलवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षांची नात तर दोन्ही बाजूंनी रडत होती. कानासाठीही आणि पिल्लासाठीही.

"आजोबा, उरलेली दोन उडेपर्यंत तरी याला आत ठेवा ना."

कानाला टाके घालताना जनावरांच्या डॉक्टरांनी कायमचंच आत ठेवायला सांगितलं. कुत्री आणि गाड्या चुकवत फिरणारा बोका म्हातारा होत नाही, म्हणाले. ग्रिलवाल्यांनी तिथल्या तिथे शब्द दिला. दोन दिवसांत मागची गॅलरी बंद. मुंगी बाहेर पडली तर नाव सांगणार नाही.

बुधवारी ग्रिल उभं राहिलं. चारी कोपऱ्यांत फुलं, मधोमध मोर. मुकादम आला, त्याने मोराचा वास घेतला आणि दोन गजांच्या मधून मिशीही न वाकवता पलीकडे गेला. चाळीस वर्षं ग्रिलवाले चोराच्या डोक्याच्या मापाने गज लावत आले होते, हाताने याही वेळी तेच माप धरलं होतं. बायकोने दोन गजांमधून हात आरपार घालून पाहिला.

"चोर नाही हं शिरायचा यातून," ती म्हणाली.

बोक्याला दुधाच्या वाटीने परत आणून खोलीत कोंडलं, आणि गुरुवारी गजांवर बारीक जाळी बसली. गॅलरीतून अंगणात जायच्या जाळीच्या दाराला कडी लागली ती आतून, कारण कडी बाहेर ठेवून चोराची सोय कोण करतो? मुकादमाने पंजाने ती उचलली आणि तो पाहणीला निघाला. नात आडवी आली म्हणून पिल्लं वाचली.

शुक्रवारी ग्रिलवाले इरेला पेटले. कडी काढली आणि बाहेरच्या बाजूला आपोआप बसणारा खटका लावला. बाहेरची मूठ दाबली तरच दार आत ढकललं जाणार. घरातल्यांनाही ताकीद दिली, घरातून गॅलरीत यायचं दार क्षणभरसुद्धा उघडं टाकायचं नाही. बायकोने ते आतून बंद केलं आणि ती नातीला शाळेतून आणायला गेली. ग्रिलवाले बोक्यासाठी फळी घेऊन अंगणातून गॅलरीत शिरले. मुकादम त्यांच्या पायांमधून बाहेर सटकला. मागे खटका बसला.

काम एक नंबर झालं होतं. ग्रिलवाल्यांनी जाळी हलवून पाहिली, लाथ मारून पाहिली. जाळी त्यांचीच होती, ती कशाला हलते!

आणि नेमकं तेव्हाच एक पिल्लू घरट्यातून उडालं. उडालं म्हणजे पडलंच, वेलीच्या बुडाशी. मुकादम जमिनीला पोट लावून निघाला. ग्रिलवाल्यांनी आधी दरडावलं, मग अक्षरशः हात जोडले. नातीला काय तोंड दाखवायचं, या विचाराने त्यांना घाम फुटला. घाम पुसायला रुमाल काढताना खिशातला मापाचा टेप हाताला लागला. लहानपणी मुकादम वर्कशॉपमध्ये वाढला होता तो या टेपच्या मागे धावतच.

त्यांनी टेपचं टोक जाळीतून बाहेर सोडलं आणि सर्रकन आत ओढलं. मुकादमाचा कान फिरला. पुन्हा सोडलं, पुन्हा ओढलं. तिसऱ्या वेळी मुकादम पिल्लाला विसरून जाळीवर आदळला. टेप आत, आपण बाहेर, हे त्याला मुळीच पटलं नाही. त्याने उडी मारून मूठ धरली, लोंबकळला, खटका उघडला आणि दारासकट आत आला. ग्रिलवाल्यांनी आनंदाने त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. त्यामुळे दार धरायला हात उरला नाही. खटका बसला.

नात आली तेव्हा आजोबा आणि बोका फळीवर शेजारी शेजारी बसले होते, आणि समोर पिल्लू आईमागोमाग कुंपणावर चढत होतं. "दोन्ही आहेत!" नात ओरडली, आणि ग्रिलवाल्यांचे डोळे भरून आले. दुसरं पिल्लू रविवारी उडालं.

आता मुकादम फळीवर लोळून गल्लीची पाहणी करतो. कान भरून आलाय, वजन वाढलंय. नर्सबाईंनी मैत्रिणीच्या मांजरीसाठी असंच काम करून मागितलं, तेव्हा ग्रिलवाल्यांची छाती फुगली. म्हणाले, "आपल्या जाळीतून एकही बोका बाहेर पडत नाही."

"आणि एकही ग्रिलवाला," आतून बायको म्हणाली.