मखमलरावांच्या रजेची हकीकत

श्री सकलसुखदायक गणराय समर्थ. शके सतराशे सत्तावन्न, मन्मथनाम संवत्सरी, अमुक एके राज्यी जी थोर कृत्ये जाहली ती ऐकिली तैशी लिहितो. हसू आल्यास दोष राज्याचा, लेखणीचा नव्हे. त्या राज्याची कचेरी ऐसी की कारकून उजाडण्यापूर्वी येत आणि दिवे मालवल्यावर बिऱ्हाडी जात, आणि मग कोणाची मान धरली, कोणाची पाठ गेली, कोणी बसल्या जागी भिंतीशीच बोलू लागला. त्यांत जिवाजीपंत म्हणोन एक कारकून होते. त्यांची लेक गावी, मौजे शिरसवाडीस, उपजली, रांगली, चालू लागली, बोलू लागली, परंतु पंतांनी तिचे तोंड पाहिले नव्हते. दर सणास रजा मागावी आणि "कामाचा रेटा आहे" हे उत्तर घेऊन माघारी यावे, ऐसे चालले.

अखेरीस सर्वांनी मिळून गाऱ्हाणे घातले की, "महाराज, जीव मेटाकुटीस आले, चार दिवस घरी जाऊ द्यावे." महाराज मोठे कनवाळू, त्यांचे डोळां पाणी आले, आणि मग त्यांणी नवे सुखाध्यक्ष त्रिविक्रमराव यांस पाचारण केले. हे गृहस्थ विलायतेची हवा खाऊन आलेले, जन्मात घरी मांजर पाळले नाही, ते बोलिले, "रजेने मन सुस्त होते. तिकडे कचेरीत कुत्रे बाळगितात. त्यास कुरवाळिले की शीण उतरतो." महाराज बोलिले, "शाबास! आमचे मखमलराव न्या!" वाहवा रे अक्कल! आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी म्हणतात ते याहून निराळे काय?

मग मखमलराव पालखीतून कचेरीस आले आणि लोडाशी विराजमान जाहले. हुजूरचे कुत्रे, म्हणोन सर्वांनी उठोन मुजरा करावा, आणि मग एकेकाने पुढे होऊन मस्तक कुरवाळावे आणि सुखाध्यक्षांसमोर मोठ्याने "समाधान पावलो" म्हणावे, ऐसा शिरस्ता पडिला. यात दुपार सरे, आणि राहिले काम उरकण्यास कारकून अधिकच उशिरापर्यंत माना मोडीत. जिवाजीपंत एकदा कुरवाळिता कुरवाळिता हळूच बोलिले, "बाबा रे, तुला तरी कोणी घरी सोडतात का?" तों त्रिविक्रमराव गरजले, "पंत! समाधान मोठ्याने!" पंत "पावलो, पावलो" म्हणाले आणि डोळे पुसत जाग्यावर जाऊन बसले.

ऐसे होता होता मखमलरावांनी अन्न टाकिले, केस झडले, शेपूट हलेना. राजवैद्य आले, पंजा हाती धरिला आणि बोलिले, "अतिश्रम. दिवसभर कचेरी, विसावा नाही, मोकळी हवा नाही. गावाकडे पाठवावे." महाराज गहिवरले, "अरेरे! राबराबून शिणला बिचारा आणि आम्हांस कळलेही नाही!" आणि तत्काळ रजा मंजूर जाहली, मर्जी असेल तोवर.  तों जिवाजीपंतांनी संधी साधोन विनविले, "शिरसवाडीचे पाणी कुत्र्यांस फार मानवते, महाराज." त्रिविक्रमराव बोलिले, "मग संगे तुम्हीच जा. मात्र रजा त्यांची, तुमची नव्हे. क्षणभर बाजूस होऊ नये."

मग पालखी शिरसवाडीस पोहोचली; आत मखमलराव, मागे पंत छत्री धरोन घामाघूम. लेक धावत आली आणि थेट कुत्र्याच्या गळ्यात पडली. पंतांनी छत्री सावरीत एक हात पसरला, तों ती आईच्या पदराआड दडली आणि पुसती जाहली, "आई, हे कोण ग?"

बाई पंतांकडे पाहोन बोलिल्या, "पालखीत आहेत ते सरकारचे पाहुणे, रजेवर आलेत. मागे छत्री घेऊन उभे आहेत ते तुझे बाबा. ते कामावर आहेत."

येणेप्रमाणे राज्यी सुखाचा बंदोबस्त जाहला. मखमलराव बरे होऊन पंतांसह परत रुजू जाहले. निघते समयी लेक वेशीपर्यंत आली होती आणि कुत्र्यासाठी रडत होती. ऐशा राज्यास आमचा दुरूनच मुजरा.