नमुनेनवीस विश्रामपंतांनी तीनशे बारा नमुने पुसले त्याची हकिकत

श्रीगजानन लिहिणाराचे कलमास बळ देवो आणि वाचणाराची नजर शाबूत ठेवो. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, माघमास. ते समयी रोपवाटिकेची एक दौलत नांदत होती आणि धनीण आऊसाहेब तिचे राज्य चालवीत होत्या, वय बहात्तर, नजर घारीची, यजमान कैलासवासी होऊन तीन वर्षे लोटलेली. दौलतीचे संकेतस्थळ व्हावे, लोकांनी घरबसल्या कलमे मागवावी, ऐसे मनी आणोन आऊसाहेबांनी विश्रामपंत तोडणकर यांस वर्षामागे नमुनेनवीस नेमिले. पंतांचे काम इतुकेच की लॅपटॉपात पाने रचावी आणि जगास दिसण्याआधी त्यांचा प्रिव्ह्यू, म्हणजे आपल्याच यंत्रात उमटणारा नमुना, रोज चार वाजता आऊसाहेबांपुढे रुजू करावा. आता त्या दौलतीचा रिवाज ऐसा की आऊसाहेब 'पसंत' म्हणेतो एकही नमुना पुसू नये. आणि आऊसाहेब बाकी सगळे म्हणत, पसंत तेवढे म्हणत नसत. चहा पाजीत, चिवड्याची बशी पुढे सरकवीत, चष्मा पुसपुसून तासभर पाहत आणि शेवटी वदत की पहिलाच बरा होता. मग पंत बापडे घरी जाऊन पान फिरवीत आणि नवा नमुना जुन्याशेजारी ठेवून त्यास आऊसाहेबांच्याच शेऱ्याचे नाव देत. 'हिरवा फार जाहला', 'अक्षर मुंगीएवढे', 'जास्वंद सुकलेली दिसते', 'पहिलाच बरा, भाग एकोणीस'. ऐसे तीनशे बारा साठले. मूळ फाइल मात्र एकच आणि तीतच रोज फेर होई, सबब जुने रूप म्हणोन काय ते या नमुन्यांतच उरले होते.

मग वसंतपंचमीस सायंकाळी पाचाचा मुहूर्त ठरला, गावोगाव पत्रके गेली आणि पंत भर दरबारात बोलोन बसले की मुहूर्त चुकला तर नमुनेनवीशी सोडीन. परंतु त्याच दिवशी सकाळी यंत्र रुसले. जागा उरली नाही, फाइल जतन होत नाही, ऐसे पडद्यावर उमटले आणि पंतांनी हाक मारिली. कारभारी हैबतराव धावोन आले. ते मोठे रोखठोक. म्हणाले, यंत्र आहे की अडगळीची खोली, पुसा ते नमुने. पंत म्हणाले की आऊसाहेबांनी पहिला मागितला तर काय तोंड दाखवू? हैबतराव म्हणाले, मुहूर्त चुकलियावर तेच तोंड कोणास दाखवाल? इकडे आड, तिकडे विहीर! शेवटी पंतांनी एकेक नाव वाचून एकेक नमुना पुसला, आणि 'जास्वंद' पुसताना त्यांचे डोळे भरोन आले, कारण त्या दिवशी आऊसाहेब खळखळून हसल्या होत्या. आधी पेनड्राइव्हात का ठेविले नाही, ऐसे शहाणे विचारतील. तर ते हैबतरावांसही सुचले, परंतु सगळे पुसून जाहल्यावर. असो, फाइल जतन जाहली.

चार वाजता पंतांनी ताजा नमुना रुजू केला. आऊसाहेबांनी चष्मा पुसला, खालवर पाहिले आणि आज्ञा केली, "पहिला दाखवा. ताडून पाहीन, मग सांगीन."

पंतांनी मान खाली घातली. "आऊसाहेब, पहिला राहिला नाही. एकही राहिला नाही. मीच पुसले."

हैबतराव खिडकीबाहेरची कलमे मोजू लागले आणि पंत मनातल्या मनात राजीनाम्याचा मायना जुळवू लागले. आऊसाहेब बराच वेळ बशीतला चिवडा निवडीत राहिल्या. मग हळूच बोलत्या जाहल्या, "पंत, पहिला कसा होता ते मला तरी कुठे आठवतंय? पसंत म्हटलं की उद्यापासून तुम्ही येणार नाही. हे गेल्यापासून चार वाजता माझ्यासमोर कुणी बसलंच नव्हतं."

पंतांनी मान वर केली. म्हणाले, "संकेतस्थळ उघडलं तरी चहा मी चारलाच पितो, आऊसाहेब."

हे ऐकोन आऊसाहेबांनी चष्मा काढून ठेविला, पडद्याकडे न पाहताच 'पसंत' म्हटले आणि पाचाच्या ठोक्यास संकेतस्थळ जगास उघडले. दुसरे दिवशी चार वाजता पंत हजर जाहले, लॅपटॉप घरी ठेवून.

येणेप्रमाणे नमुने सरले, संकेतस्थळ उभे राहिले आणि चारची बैठक कायम जाहली. आम्ही ऐकिले तैसे लिहिले, उणेअधिक असेल ते वाचणाराने पदरात घ्यावे.