ओंडका की मगर?

मुलांनो, एका जंगलात झिपरूअण्णा नावाचे अस्वल राहत असे, आणि अण्णांना चक्क नोकरी होती. संध्याकाळी पाणवठ्यावर बसायचे आणि पाण्यात तरंगतोय तो ओंडका की मगर, हे सांगायचे. अण्णा 'ओंडका' म्हणाले की सगळे निर्धास्त पाणी पीत.

अण्णांचे कधी चुकत नसे. म्हणून रोज कोणी ना कोणी त्यांचा सत्कार करी. सत्कार म्हणजे मधाचे पोळे. नको म्हटले तर देणाऱ्याला वाईट वाटे, आणि अण्णांना कोणाचे मन मोडवत नसे. विशेषतः पोळे ताजे असले की.

पुढे पुढे अण्णांना संध्याकाळ जरा लवकर होते आहे असे वाटू लागले. हल्ली जंगलातला उजेडच निकृष्ट झालाय, अशी तक्रार करत ते डॉक्टर घुबडीणबाईंकडे गेले. बाईंनी रक्त तपासले, डोळ्यांत डोकावून पाहिले.

"अण्णा, तुम्हाला मधुमेह झालाय. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी एकमेकींना निरोप देत देत तो मेंदूपर्यंत पोचवतात. रक्तातल्या साखरेनं तो निरोपच पुसट व्हायला लागलाय. पडदा वरून ठणठणीत दिसतोय, पण गाफील राहू नका. करड्यावरचं करडं ओळखणं अवघड जाईल. मध बंद."

अण्णांनी मान डोलावली. घरी जाताना वाटेत दोन सत्कार झाले.

त्याच संध्याकाळी ठिपकी हरिणी पाडसाला घेऊन आली. पाडस तहानेने कासावीस झाले होते. करड्या पाण्यात काहीतरी करडे तरंगत होते. अण्णांनी डोळे ताणले, चोळले, पुन्हा ताणले. काही कळेना. कबूल केले तर नोकरी जाणार. 'ओंडका' म्हणून मोकळे व्हावे, असे त्यांच्या अगदी ओठांवर आले. तेवढ्यात पाडसाने विश्वासाने पाय पुढे टाकला.

"थांब गं पोरी," अण्णा म्हणाले. "मला दिसत नाही."

ठिपकीने पाडसाला मागे खेचले. ओंडक्याने चरफडत बुडी मारली.

दुसऱ्याच दिवशी सभा भरली. न दिसणाऱ्याच्या भरवशावर आपण पाणी पीत होतो, म्हणून सगळे खवळले. अण्णांना घरी बसवून त्यांच्या जागी चिचुंद्रीबाईंना नेमले. बाईंना चार बोटांपलीकडचे दिसत नसे; पण तसे त्या कधी बोलून दाखवत नसत. ठरावाला मगरीने अनुमोदन दिले.

तात्पर्य : दिसेनासे झाले तर घाबरू नये. फक्त कोणाला सांगू नये.