केरबा साळिंदर शेत बघायला जातो

एका जंगलात, मुलांनो, एका रानडुकराचं शेत होतं. हसू नका, पुढे ऐका. हा रानडुक्कर आधी दुसऱ्यांची शेतं उकरत असे. मग त्याचं वय झालं, पोट सुटलं आणि सगळे त्याला आप्पासाहेब म्हणू लागले. तेव्हा त्याने स्वतःचं शेत केलं. शेतात रताळी होती, भुईमूग होता, एक विहीरही होती. शेत फार छान चालायचं, कारण आप्पासाहेब त्यात कधी उतरत नसत.

एक दिवस सिंहाच्या दरबारातून दवंडी आली. जे कुणी आपल्या जागी सगळ्यांसाठी सोयी करतील, चालता न येणाऱ्यांसाठीसुद्धा, त्यांना दरबारात बोलावून पदक मिळेल. आप्पासाहेबांकडे पदक सोडून सगळं होतं. महिनाभरात शेताबाहेर पाटी लागली: ‘चालतं शेत बघा. सहकुटुंब या. चालता येत नसेल तरी या. सर्व सोयी आहेत.’

ही पाटी शेवंता साळिंदरीने वाचली आणि ती धावत घरी गेली.

शेवंताचे वडील केरबा. एके काळी केरबासारखा उकरणारा जंगलात दुसरा नव्हता. जमिनीला नाक लावून तो सांगायचा, इथे हातभर खाली कंद आहे. आणि तो असायचाच. पण गेल्या वर्षी त्याच्या बिळावर दरड कोसळली. त्याचे मागचे दोन्ही पाय निकामी झाले. शेवंताच्या नवऱ्याने लाकडी पाटाला चार चाकं लावून दिली आणि पुढे दोरी बांधली. गाडी चांगली होती. पण केरबा तिच्यात बसून कुठे जातच नसे. दिवसभर बिळाच्या तोंडाशी बसायचा, आणि तेही भिंतीकडे तोंड करून.

शेवंता आठ दिवस त्याच्या मागे लागली होती. तो नाही म्हणत राहिला. त्याचंही एक कारण होतं. मागे सगळे मिळून जत्रेला गेले होते, तेव्हा केरबाला पिशव्यांजवळ बसवलं होतं. घरातला एकेक जण जत्रा बघून यायचा आणि त्याला सांगायचा, काय मजा आली. केरबाने दिवसभर पिशव्या सांभाळल्या. एकही हरवली नाही.

शेवटी तो एका अटीवर तयार झाला. “पिशव्यांपाशी बसायची वेळ आली,” तो म्हणाला, “तर तिथूनच परत फिरायचं.”

शेवंताने कबूल केलं.

तर रविवारी सकाळी शेवंता, तिची धाकटी चिंगी आणि पाटावर केरबा असे तिघं निघाले. नवरा घरी राहिला, कारण बिळाचं छत शाकारायचं होतं.

शेताच्या दाराशी व्यवस्थापक उभा होता. तो मुंगूस होता आणि त्याचं नाव होतं विलास. विलास सतत कुठेतरी निघालेला असायचा, उभा असतानासुद्धा. त्याने तिघांचं हसून स्वागत केलं आणि अभिमानाने रॅम्प दाखवला.

रॅम्प खरंच सुंदर होता. लालचुटूक माती, दोन्ही बाजूंना झेंडूची रोपं, धरायला गुळगुळीत बांबू. शेवंताने दोरी ओढली, चिंगीने मागून ढकललं आणि पाट सरसर वर गेला. केरबाने मान उचलून इकडेतिकडे पाहिलं. गेल्या कित्येक महिन्यांत त्याने तेवढी मान उचलली नव्हती.

रॅम्प संपला. तिथे एक चौथरा होता. चौथऱ्याच्या पलीकडे शेत होतं. आणि चौथऱ्यावरून शेतात उतरायला तीन उंच पायऱ्या होत्या.

शेवंताने विलासला विचारलं, की पुढे कसं जायचं. विलासला प्रश्नच कळला नाही. त्याने समजावून सांगितलं, की दवंडीत सोयी करा असं होतं, म्हणून रॅम्प केला. तो कुठे न्यायचा हे दवंडीत नव्हतं.

पण विलास हरणारा नव्हता. अशा प्रसंगासाठी त्याच्याकडे उचल पथक होतं. त्याने शीळ घातली. चार धिप्पाड वानरं धावत आली, कमरेला हिरवे पट्टे बांधलेली. पाहुण्यांना अलगद उचलून पायऱ्या उतरवणं हे त्यांचं काम. त्यांनी चार बाजूंनी केरबाच्या अंगाखाली हात घातले.

मुलांनो, साळिंदराला कधी उचलून पाहू नका.

पुढची काही मिनिटं चारही वानरं विहिरीच्या पाण्यात हात बुडवून बसली होती. केरबाने त्यांची मनापासून माफी मागितली. मग पाटासकट उचलू, असं शेवंता म्हणाली, पण पथकाने आजचं काम थांबवलं होतं.

विलासने थोडा विचार केला. मग तो गोड आवाजात म्हणाला, “आजोबांसाठी इथे चिंचेखाली छान सावली आहे. तुम्ही दोघी शेत बघून या. तुमच्या पिशव्याही इथेच ठेवा, आजोबांचं लक्ष राहील.”

शेवंताने केरबाकडे पाहिलं. केरबाने फक्त भिंत शोधली. भिंत नव्हती, म्हणून त्याने चिंचेच्या खोडाकडे तोंड केलं.

शेवंताने दोरी उचलली, पाट वळवला आणि रॅम्पवरून खाली आणला. तिचे डोळे भरून आले होते, म्हणून तिला नीट दिसलं नाही. ती घराकडे वळण्याऐवजी शेताच्या मागच्या बाजूला वळली. थोडं पुढे गेल्यावर मागून एक गाडी आली आणि थांबली.

ती शेणखताची गाडी होती. ती गोदाक्का नावाची म्हैस ओढत होती. गोदाक्काला ना पट्टा होता ना पाटी. ती म्हणाली, “वाट सोडा बाई. भरली गाडी आहे.”

शेवंताने वाट सोडली आणि तिथेच रडायला लागली. गोदाक्काने विचारलं, की झालं काय. शेवंताने सगळं सांगितलं. गोदाक्का रवंथ करत ऐकत होती. ऐकून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, “शेतातच जायचंय ना? मी दिवसाला चार खेपा टाकते तिथं. ही वाट चाकाचीच आहे.”

आणि खरंच होतं. गाडी जाऊन जाऊन ती वाट रुंद, सपाट, घट्ट झाली होती. शेतापर्यंत एक दगडही आडवा नव्हता. शेवंताने पाटाची दोरी गाडीच्या मागे बांधली. चिंगी नाक धरून चालली. केरबाने नाक धरलं नाही. शेणखताचा वास घेत तो ताठ बसला होता.

वाट थेट रताळ्यांच्या वाफ्यांत निघाली. तिथे दहा-बारा घुशी काढणी करत होत्या. त्या घाईत होत्या, आणि दर दोन रताळ्यांमागे एक तुटत होतं. केरबा थोडा वेळ बघत राहिला. मग त्याला राहवेना. तो पाटावरून घसरत खाली उतरला, मातीला नाक लावलं, आणि पुढच्या पंजांनी उकरायला लागला. थोड्याच वेळात त्याने एक रताळं बाहेर काढलं. चिंगीएवढं लांब, आणि सालीवर ओरखडा नाही.

घुशी गोळा झाल्या. केरबा त्यांना सांगू लागला, की वेलाच्या बुडाशी नाही, वीतभर अलीकडून उकरा. सांगता सांगता तो सरीच्या मधोमध बसला आहे हे त्याच्या लक्षात आलं नाही.

“ओ पाव्हणं,” गोदाक्का मागून ओरडली, “सरी अडवून काय बसलाय? सरका तिकडं. कामाची माणसं आहेत इथं.”

शेवंता दचकली. वर्षभरात केरबाशी असं कुणी बोललं नव्हतं. सगळे हळू बोलायचे, गोड बोलायचे. तिने घाबरून वडिलांकडे पाहिलं.

केरबा सरकला. पंजांवर जोर देत, पाय ओढत, चांगला दोन हात सरकला. आणि हसला.

इकडे चौथऱ्यावर जमलेले इतर पाहुणे हे सगळं पाहत होते. ते पायऱ्या उतरून वाफ्यांत आले. पाठोपाठ विलास आला. त्याच्या मते हे सगळं नियमाबाहेर होतं, पाहुण्यांनी शेत फक्त बघायचं असतं. तेवढ्यात आप्पासाहेब स्वतः आले, आणि त्यांना मात्र पदक दिसलं. त्यांनी शाल मागवली आणि स्वतःच्या हातांनी केरबाच्या खांद्यावर घातली. ती काट्यांवर फाटली. दुसरी मागवली, तीही फाटली. तिसरी शाल आप्पासाहेबांनी हातातच धरली आणि केरबाला विनंती केली, की आता रॅम्पवर चलावं, चित्रकार पोपट तयार बसला आहे.

“नंतर बघू,” केरबा म्हणाला. “अजून दोन सरी राहिल्यात.”

पोपटाने मग रॅम्पवर आप्पासाहेबांनाच केरबाच्या पाटावर बसवून चित्र काढलं. ते दरबारात गेलं. पदक मिळालं.

शेणाच्या वाटेलाही मान मिळाला. आप्पासाहेबांनी तिच्या तोंडाशी दगडी कमान उभारली, वर ‘सर्वसुलभ मार्ग’ असं कोरलं आणि कमानीखाली शोभेचा उंच उंबरा बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाक्काची गाडी उंबऱ्याला अडली. गोदाक्काने दोनदा हाका मारल्या. कुणी आलं नाही. मग ती चार पावलं मागे गेली आणि जोरात पुढे आली. कमानीचे दगड आता विहिरीच्या कडेला कपडे धुवायला वापरतात.

त्या रविवारी संध्याकाळी तिघं घरी पोचले, तेव्हा केरबा गळ्यापर्यंत मातीने माखला होता. शेवंताच्या नवऱ्याने विचारलं, सहल कशी झाली.

“सहल कसली,” केरबा म्हणाला, “वेळच मिळाला नाही.” आणि जेवायला मागितलं.

तात्पर्य: मुलांनो, मोठे झाल्यावर तुम्हीही दुबळ्यांसाठी सोयी कराल. त्या चित्रात नीट दिसतील एवढ्याच करा, आणि त्यांचं टोक कुठेही नेऊ नका. सोय खरोखर उपयोगी पडावी असं वाटत असेल, तर ती शेणासाठी करा. शेण वेळेवर पोचलंच पाहिजे, याबद्दल आजवर कुणाचं दुमत झालेलं नाही.