बांधावरचा खाजगी फोटो

गुपित ठेवायचं असेल तर ते माझ्यापाशी ठेवावं. सैन्यात असताना आमची तुकडी कुठं निघालीय हे मी बायकोला कधी सांगितलं नाही. खरं तर बऱ्याचदा मलाच ठाऊक नसायचं, पण तो भाग वेगळा.

निवृत्त होऊन कडेगावजवळच्या आमच्या गावी आलो आणि भलतीच अडचण झाली. दिवस जायचा, पण संध्याकाळी काय केलं ते आठवायचं नाही. रानात ऊस उभा, गोठ्यात म्हैस उभी आणि दारात मी उभा. पुण्यात शिकणारी माझी मुलगी शिवांजली सुट्टीला आली, तेव्हा तिनं माझ्या फोनवर एक ॲप टाकून दिलं.

"बाबा, हे दिवसातून एकदा केव्हाही वाजेल. वाजलं की समोर असेल त्याचा लगेच फोटो काढायचा आणि खाली एक ओळ लिहायची. कुणाला दिसत नाही. तुमचं तुमच्यापुरतं."

"म्हणजे खाजगी?"

"एकदम खाजगी."

वाजलं की लगेच, हा हुकूम माझ्या ओळखीचा होता. मी कामाला लागलो.

एकदा मी रानात असताना ते वाजलं. शेजारच्या रानात जोतिबाचा ट्रॅक्टर बांधाला घासून नांगरत चालला होता. जोतिबा म्हणजे माझा शाळेपासूनचा दोस्त. मी फोटो काढला, एक ओळ लिहिली, फोन खिशात टाकला. त्यानं ट्रॅक्टर बंद केला.

"कशाचा फोटो काढलास रं?"

"हाय असाच. खाजगी हाय."

जोतिबाचं तोंड रसवंतीतल्या चिपाडासारखं झालं. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

मग एकदा ते दूध डेअरीत वाजलं. डेअरीचा सचिव सूरज माझ्याच दुधाची फॅट लावत होता. मी फोटो काढला.

"फौजी, ह्यो कुठं पाठवायचाय का?" त्यानं हळूच विचारलं.

"पाठवायचा कशाला? रोजचं सगळं माज्यापाशीच जपून ठेवतोय."

मी आपलं खरं ते सांगितलं, तर गड्याच्या हातातली बाटलीच सुटली. आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या म्हशीची फॅट जी चढली, ती उतरेना. बायको, विजयमाला, डेअरीची पावती बघून गोठ्यातच थबकली.

"आवं, हिला काय घातलंत?"

"तेच उसाचं वाडं."

"मग ही दूध देतीया का तूप?"

मलाही कळेना. पण खरा गोंधळ पुढंच होता. एका सकाळी रानात गेलो, तर माझ्या शेवटच्या सरीच्या पलीकडं आणखी दोन सऱ्या मावतील एवढी मोकळी जागा, आणि बांध त्याच्याही पलीकडं.

"जोत्या, बांध हलल्यागत वाटतोय रं," मी म्हणालो.

"बांध कसा हलंल गड्या? डोळं तपासून घे."

घेतले तपासून. डॉक्टरांनी चष्मा दिला. तो लावून परत रानात आलो, तर बांध आणखी स्वच्छ आणि आणखी लांब दिसायला लागला. त्याच दिवशी जोतिबाकडून नव्या गुळाची ढेप घरी आली.

"फुकट कोण गूळ देत न्हाई," विजयमाला म्हणाली. "जोतिबा भावजी निवडणुकीला तर उभं ऱ्हात न्हाईत न्हवं?"

गाव बदललं होतं, एवढं खरं. मी पारावर गेलो की बोलणं थांबायचं. घड्याळ बघायला फोन काढला तर पत्ते खेळणारे पत्ते मांडीखाली घालायचे. मला वाटू लागलं, आपल्याला काहीतरी झालंय आणि ते गावाला कळलंय, फक्त आपल्याला सांगत नाहीत.

शेवटी एका संध्याकाळी जोतिबा मला देवळासमोर आडवा आला. मागं सूरज आणि अर्धं गाव. जोतिबानं सरळच विचारलं.

"लहानपणी एका ताटात जेवलोय आपण. आता एकदाच सांग. ते फोटो कुठं दिलंस? तहसीलला का साखर कारखान्यात?"

"कुठंच न्हाई. ते खाजगी हायती."

"खाजगी म्हंजे कुणाकडं?"

तेवढ्यात आरतीला आलेली विजयमाला पुढं झाली. "फोन द्या हिकडं. मला दाखवण्याजोगं नसंल, तर मग आपण घरीच बोलू."

मी फोन दिला. सगळी डोकी त्यावर वाकली. पहिल्या फोटोत नांगरटीमागं चालणारा एक बगळा, आणि कोपऱ्यात ट्रॅक्टरच्या चाकाचा तुकडा. खाली ओळ, 'आज बगळा अगदी जवळ आला.' डेअरीच्या फोटोत निव्वळ माझा अंगठा. पुढचा फोटो विजयमालाचा, भाकरी थापताना. 'ही एकटीच हसत होती. कारण विचारलं नाही.' ती ओळ तिनं मनातच वाचली आणि फोन पदराखाली घेतला.

मग जोतिबा म्हणाला, "आणि माजा बांध?"

"कुठला बांध?"

"मागं सरकवला की मी. दोन सऱ्या."

"का?"

"तू फोटो काढलास म्हणून."

"मी बगळ्याचा काढला."

"मग माज्या दोन सऱ्या परत दे."

"पण त्या माज्या हुत्या म्हणूनच तू सोडल्यास न्हवं?"

जोतिबा विचारात पडला. मीही पडलो. सूरज हळूच पाय काढू लागला.

"मोजणीच आणतो," जोतिबा म्हणाला.

मोजणीदार आले. नकाशा उलगडून त्यांनी विचारलं, "हा बांध कोणाचा?"

"माझा," आम्ही दोघंही म्हणालो.

"नकाशात इथं बांधच नाही. गाडी जाईल एवढी पाणंद आहे. दोन्ही बाजूंनी खाऊन टाकलीय."

म्हणजे जोतिबाच्या आणि माझ्या वाडवडिलांनी आपापल्या बाजूनं गावची वाट कुरतडत आणली होती. आमच्या वाट्याला भांडायला तेवढा बांध उरला होता. जोतिबाच्या चार सऱ्या गेल्या, माझ्या पाच. आता गावाचा ऊस त्या वाटेनं थेट रस्त्याला लागतो.

ग्रामसभेत मला शाल मिळाली. फोटो काढून पाणंद खुली केली म्हणून. मी उभा राहून सांगितलं की तो बगळा होता. लोकांनी आणखी जोरात टाळ्या वाजवल्या. परतताना जोतिबा म्हणाला, "आता तरी खरं सांग. तुला पाणंदीचं ठाऊक हुतं न्हवं?"

"न्हाई रं, शपथ."

"लय पोचलेला हायस," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात टाकून चालू लागला.

घरी येऊन मी विजयमालाला म्हणालो, "आजपासनं फोटो घरातल्या घरातच काढीन."

"काढा की," ती म्हणाली. "फक्त घर आपल्याच जागेत हाय का, ते आधी बघून घ्या."

ते मी अजून बघितलेलं नाही. फोन वाजला की मी मुकाट्यानं आभाळाचा फोटो काढतो.